वित्तीय ग्राहक संरक्षण धोरणाच्या वरिष्ठ सरकारी पदांसाठी अर्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँक, विमा आणि शेअर बाजारात वीस-पंचवीस वर्षं काढलेले मुंबईतले अनेक जण विचारतात, ‘आता ग्राहकांच्या बाजूने काम करायचंय, सरकारी वरिष्ठ पदावर जायचं तर रस्ता कुठला?’ त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचलं तरी चालेल. तोच मुद्दा दुसरीकडे आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘ग्राहक संरक्षण धोरण’ म्हणजे तक्रारी सोडवण्याचंच काम ना?

नाही, आणि इथे गल्लत झाली की अर्ज चुकीच्या पदाला जातो. बँकिंग किंवा विमा लोकपाल एका माणसाच्या एका तक्रारीवर निर्णय देतो. धोरणाचं काम करणारा अधिकारी तशाच हजार तक्रारी समोर ठेवून नियम बदलतो.

गृहकर्ज फिटलं तरी बँक घराची मूळ कागदपत्रं महिनोन्‌महिने देत नाही, ही जुनी तक्रार घ्या. लोकपाल त्या एका कर्जदाराला कागद मिळवून देईल. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी सगळ्यांसाठी नियमच केला: कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत कागदपत्रं परत द्यायची, आणि उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये ग्राहकाला द्यायचे. हे झालं धोरण. दोन्ही कामं मोलाची आहेत, पण नेमणुकीची पद्धत, अधिकार आणि लागणारा स्वभाव वेगळा आहे.

२. अशी पदं कुठे आहेत आणि नेमणूक कोण करतं?

सगळ्यांत आधी हेच पक्कं करा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं.

रिझर्व्ह बँकेत ग्राहक शिक्षण आणि संरक्षण विभाग आहे. तो फोर्टातून चालतो. २००६ मध्ये ग्राहक सेवा विभाग म्हणून तो सुरू झाला, आताचं नाव नंतर मिळालं. त्याच्या वर कार्यकारी संचालक आणि त्यांच्या वर डेप्युटी गव्हर्नर. डेप्युटी गव्हर्नरांची नेमणूक रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम ८ खाली केंद्र सरकार करतं. जास्तीत जास्त चार जण असतात आणि मुदत पाच वर्षांपेक्षा जास्त नसते. जाहिरात वित्त मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाची. छाननी आणि शिफारस कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची शोध समिती करते आणि मंजुरी मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीची लागते.

सेबीचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. सेबी कायदा, १९९२ च्या कलम ४ प्रमाणे मंडळावर अध्यक्ष, केंद्र सरकारचे दोन अधिकारी, रिझर्व्ह बँकेचा एक प्रतिनिधी आणि आणखी पाच सदस्य असतात. त्या पाचांपैकी किमान तीन पूर्णवेळ हवेत. अध्यक्ष आणि हे पाच सदस्यही केंद्र सरकारच नेमतं, पण कागद आर्थिक व्यवहार विभागाकडून फिरतात. वित्तीय सेवा विभागाला पाठवलेला सेबीचा अर्ज योग्य टेबलावर पोचेपर्यंत तारीख उलटून जाते.

विमा लोकपालांचा कारभार पाहणारी परिषद सांताक्रूझला आहे. विमा नियामक इर्डाईचं मुख्यालय हैदराबादला असलं तरी हा भाग मुंबईत आहे. लोकपालांची निवड करणाऱ्या समितीचे अध्यक्ष इर्डाईचे अध्यक्ष असतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्या समितीत ग्राहक हक्कांसाठी काम केलेली एक व्यक्तीही घेतात.

रिझर्व्ह बँकेचे लोकपाल मात्र बँक स्वतःच्या अधिकाऱ्यांतूनच नेमते, एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. तिथे बाहेरच्याला थेट अर्ज करता येत नाही.

३. अनुभव किती हवा? वयाची अट काय?

एकच आकडा सगळीकडे लागू नाही. डेप्युटी गव्हर्नरपदाच्या अलीकडच्या जाहिरातींत सार्वजनिक प्रशासनात किंवा सार्वजनिक वित्तसंस्थेत किमान २५ वर्षांचा अनुभव आणि वय ६० च्या आत, अशी अट होती. सेबी अध्यक्षपदासाठी जानेवारी २०२५ मध्ये जी जाहिरात आली तीत २५ वर्षांहून अधिक अनुभव आणि शक्यतो पन्नाशीच्या पुढचं वय मागितलं होतं. ‘शक्यतो’ हा शब्द नीट वाचा. त्याचा अर्थ अट नव्हे, पसंती.

वय आणि अनुभव कुठल्या तारखेला मोजायचे हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. ती तारीख अर्जाच्या शेवटच्या दिवसापेक्षा वेगळी असू शकते. आणखी एक नेहमीची चूक: ‘पात्रता मिळाल्यानंतरचा अनुभव’ असं म्हटलेलं असेल तर सीएच्या आर्टिकलशिपची वर्षं त्यात धरू नका. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या असतील तर ते महिने एकदाच मोजा. बेरीज चुकली तर छाननीत पहिल्याच फेरीला अर्ज बाजूला पडतो आणि का पडला ते कोणी कळवत नाही.

४. माझं वय ६२ आहे. सेबीचा पूर्णवेळ सदस्य म्हणून पाच वर्षं मिळतील का?

पूर्ण पाच नाही. नेमणूक जास्तीत जास्त पाच वर्षांची असते आणि वयाच्या ६५ नंतर पदावर राहता येत नाही. म्हणजे तुमच्या हाती तीनच वर्षं. समितीही हा हिशेब करते. अशा अर्जात पाच वर्षांची स्वप्नं मांडू नका. तीन वर्षांत पुरं होईल असं एकच काम मांडा.

५. ‘ग्राहक संरक्षणाचंच खातं हवं’ असं सांगून डेप्युटी गव्हर्नरपदाचा अर्ज करता येईल?

करता येईल, पण त्याने नुकसानच होईल. नेमणूक पदावर होते. कोणत्या डेप्युटी गव्हर्नरकडे कोणते विभाग हे नंतर गव्हर्नर ठरवतात आणि मध्येच बदलतातही. सेबीतही पूर्णवेळ सदस्यांमधली कामं अशीच फिरतात. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या चार जागांचा एक रिवाज आहे: दोन बँकेच्या आतून, एक व्यापारी बँकेतून आणि एक अर्थतज्ज्ञ. यातली कोणती जागा रिकामी होतेय ते पाहा. अर्थतज्ज्ञाची जागा सुटली असताना शाखा आणि विभागीय कार्यालयात उभी हयात काढलेल्या बँकरने अर्ज केला तर बसण्याची शक्यता कमी.

तेव्हा ग्राहक संरक्षण हा तुमचा कणा म्हणून मांडा, पण देखरेख, पेमेंट व्यवस्था, सहकारी बँका यांतलंही काम पेलेल हे दिसू द्या.

६. बाहेरून रिझर्व्ह बँकेत कार्यकारी संचालक होता येतं का?

सर्वसाधारणपणे नाही. ही पदं आतल्या बढतीने भरली जातात. अपवाद घडला आहे: २०१८ मध्ये बँकेने पहिल्या मुख्य वित्त अधिकारी बाहेरून घेतल्या, त्यांचा दर्जा कार्यकारी संचालकाचा होता. अशा जागांची जाहिरात रिझर्व्ह बँक सेवा मंडळ देतं. ग्राहक संरक्षणासाठी तशी जागा निघण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा सेबीकडे लक्ष ठेवा. तिथे कार्यकारी संचालकाच्या जागा जाहिरातीने, प्रतिनियुक्तीवर किंवा कंत्राटी पद्धतीने भरल्या जातात.

७. लॅटरल एंट्रीतून (सरकारी सेवेबाहेरून थेट वरच्या पदावरच्या भरतीतून) सहसचिव म्हणून जाता येईल का?

२०१८ मध्ये केंद्राने सहसचिवांच्या दहा जागा काढल्या, त्यांत वित्तीय सेवा विभागही होता. ६,०७७ अर्ज आले आणि एप्रिल २०१९ मध्ये नऊ जणांची शिफारस झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये ४५ जागांची जाहिरात आली, पण आरक्षणाच्या मुद्द्यावर वाद होऊन तीन दिवसांतच, २० ऑगस्टला, ती मागे घेण्याचं पत्र निघालं. म्हणून फक्त या एका दारावर विसंबू नका. जाहिरात आली तर प्रश्न ८ आणि ९ मधली तयारी जशीच्या तशी उपयोगी पडेल.

८. अर्जातला ‘तुम्ही या पदासाठी योग्य का’ हा उतारा कसा लिहायचा?

सर्वांत जास्त अर्ज इथेच पडतात, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक जण पदांची यादी देतात: अमुक साली झोनल मॅनेजर, तमुक साली ग्राहक सेवा प्रमुख, ‘तक्रार निवारणात लक्षणीय सुधारणा केली’. हे वाचून समितीला काहीच कळत नाही. तक्रारी कमी झाल्या त्या ग्राहकांचं भलं झालं म्हणून, की तक्रार करणंच अवघड केलं म्हणून? हा प्रश्न जाणकार वाचक विचारणारच.

त्याऐवजी एकच प्रकरण घ्या आणि ते चार पायऱ्यांत लिहा. समजा, दादरच्या शाखेत निवृत्त शिक्षिका मुदत ठेव नव्याने ठेवायला आल्या आणि दरवर्षी हप्ता भरायची विमा पॉलिसी घेऊन घरी गेल्या. पुढच्या वर्षी हप्त्याची नोटीस आली तेव्हा कळलं.

पहिली पायरी, काय दिसलं: तक्रार एकीची होती, पण त्याच तिमाहीत मुदत संपलेल्या ठेवींतून विकल्या गेलेल्या पॉलिसी तुम्ही वेगळ्या काढल्या का? साठीच्या पुढचे ग्राहक किती? दुसरा हप्ता न भरल्याने बंद पडलेल्या किती? दुसरी, कारण काय निघालं: शाखेला दिलेलं विक्रीचं लक्ष्य, फॉर्ममध्ये उत्पन्नाचा रकाना कर्मचाऱ्याने भरणं, पॉलिसी परत करायची मुदत संपल्यावर कागद हाती पडणं. तिसरी, कोणता नियम बदलला आणि आतून विरोध कुणाचा, कशासाठी झाला. चौथी, नंतर काय झालं, आणि काय साधलं नाही.

ती चौथी पायरी लोक गाळतात. गाळू नका. ‘विक्री घटली, पण पॉलिसी टिकण्याचं प्रमाण वाढलं, ग्रामीण शाखांत मात्र जुनी पद्धत चालूच राहिली’ एवढं प्रामाणिक वाक्य दहा विशेषणांना भारी पडतं. उतारा एका पानाच्या आत ठेवा, आकडे तुमच्या नोंदींतून पडताळता येतील तेवढेच द्या आणि ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक कुठेही येऊ देऊ नका.

९. सरकारी किंवा सरकारी बँकेत नोकरीला असेन तर कोणते कागद लागतात?

अर्ज प्रॉपर चॅनलने, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत जायला हवा. सोबत साधारणपणे हे मागतात: मागच्या पाच वर्षांचे एपीएआर (वार्षिक कामगिरी अहवाल), व्हिजिलन्स क्लिअरन्स (चौकशी प्रलंबित नसल्याचा दक्षता विभागाचा दाखला), सचोटीचा दाखला, दहा वर्षांतल्या लहान-मोठ्या शिक्षांचं विवरण (शिक्षा नसली तरी ‘नाही’ असं लिहून) आणि लागू असेल तिथे केडरची परवानगी.

वेळ खातं ते व्हिजिलन्स. मुख्य कार्यालयातून ते यायला आठवडे लागतात आणि जाहिरातीला मिळणारी मुदत अनेकदा महिन्याभराचीच. म्हणून जाहिरात येण्याआधीच एपीएआरच्या प्रती जमवा आणि एखाद्या वर्षाचा अहवाल लिहिलाच गेला नसेल तर तसं प्रमाणपत्र घेऊन ठेवा. जाहिरात आगाऊ प्रत पाठवायला मुभा देत असेल तर ती वेळेत पाठवा आणि मूळ अर्ज कार्यालयातून कधी निघाला त्याचा जावक क्रमांक टिपून घ्या. खासगी नोकरीत असाल तर याऐवजी नेमणूकपत्रं, रिलीव्हिंग लेटर आणि फॉर्म १६ लागतील. बंद पडलेल्या किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन झालेल्या जुन्या संस्थेचा कागद मिळवायला सर्वांत जास्त धावपळ होते, त्याची सुरुवात आधी करा.

१०. मुलाखतीत काय विचारतात?

प्रश्न कुणालाच आधी कळत नाहीत, पण तयारी कशी असावी हे सांगता येतं. नियमांची नावं पाठ करून काही होत नाही. एखादा नियम प्रत्यक्ष माणसावर कसा बसतो हे सांगता आलं पाहिजे.

सरावासाठी ६ जुलै २०१७ चं अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांवरचं परिपत्रक घ्या. बँकेचीही चूक नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर त्याच्यावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपये. दिवस मोजायचे ते गृहशाखेच्या (खातं असलेल्या शाखेच्या) कामाच्या दिवसांप्रमाणे, संदेश मिळाल्याचा दिवस सोडून.

आता शुक्रवारी रात्री मेसेज आला आणि ग्राहकाने बुधवारी कळवलं. शनिवार महिन्याचा दुसरा असेल तर बँक बंद, म्हणजे सोम, मंगळ, बुध असे तीन दिवस आणि बोजा शून्य. शनिवार पहिला असेल तर शनि, सोम, मंगळ हे तीन झाले, बुधवार चौथा, आणि १०,००० पर्यंतचा भार त्याच्या माथी. चूक तीच, उशीर तोच, फक्त शनिवार वेगळा. हा फरक तुम्हाला दिसतो का, तो कसा मिटवाल, त्याने बँकांवर किती भार येईल आणि खोट्या दाव्यांना वाट मिळेल का, हे पाच मिनिटांत बोलता येणं म्हणजे तयारी.

याशिवाय न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा मार्च २०१३ चा अहवाल वाचा. सर्व वित्तीय क्षेत्रांसाठी एकच तक्रार निवारण संस्था असावी ही त्याची शिफारस. ती पटते की नाही, दोन्ही बाजूंनी बोलता आलं पाहिजे.

११. माझ्याकडे शेअर्स आणि म्युच्युअल फंड आहेत. अडचण येईल का?

ते आहेत म्हणून अर्ज बाद होत नाही, लपवले तर होतो. सदस्याच्या कामावर विपरीत परिणाम होईल असे आर्थिक किंवा इतर हितसंबंध नसावेत ही अट असते. जोडीदाराच्या नावचे, हिंदू अविभक्त कुटुंबाच्या खात्यातले, जुन्या नोकरीत मिळालेले पण अजून हाती न आलेले ईसॉप (कर्मचाऱ्यांना कंपनीने देऊ केलेले शेअर्स), सल्लागार म्हणून येणं असलेलं मानधन हे सगळं एका कागदावर मांडा. ईसॉप लोक हमखास विसरतात. सेबीतल्या हितसंबंधांच्या नियमांचा आढावा घेणाऱ्या उच्चस्तरीय समितीने नोव्हेंबर २०२५ मध्ये अहवाल दिला आहे. या विषयावर आता पूर्वीपेक्षा बारकाईने पाहिलं जाईल, हे धरूनच चाला.

१२. मी ज्या बँकेत होतो तिला नियामकाने दंड केला होता. सांगावं का?

हो, आधी आणि स्वतःहून. दंडाचे आदेश जाहीर असतात, समितीला ते सापडणारच. दंडाचा काळ, त्या विषयाशी तुमचा संबंध होता की नव्हता आणि असल्यास तुम्ही लेखी काय म्हटलं होतं, एवढं तीन-चार ओळींत लिहा. दुसऱ्यावर ढकलू नका. तुमच्याविरुद्ध वैयक्तिक चौकशी चालू असेल तर तो वेगळा मुद्दा आहे, प्रश्न ९ मधलं व्हिजिलन्स तिथेच अडकतं.

१३. माझा सगळा अनुभव पतसंस्थांचा आहे. तो धरतात का?

पदावर अवलंबून आहे. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेखाली नाही, आणि त्यांतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण नसतं. त्यामुळे ‘सार्वजनिक वित्तसंस्थेतला अनुभव’ या अटीत तो बसवणं कठीण. पण जिल्हा ग्राहक आयोगाच्या सदस्यपदासाठी हाच अनुभव चांगला चालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२३ च्या निकालाप्रमाणे पदवी आणि ग्राहक व्यवहार, कायदा, अर्थकारण, वाणिज्य अशा क्षेत्रांतला दहा वर्षांचा अनुभव पुरतो. निवड दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षेतून होते आणि नेमणूक राज्य सरकार करतं. मात्र ते न्यायनिवाड्याचं पद आहे, धोरणाचं नव्हे (प्रश्न १).

१४. आधी बँकेत अंतर्गत लोकपाल झालो तर पुढे उपयोग होईल?

होईल, नाकारलेल्या तक्रारींचा एवढा जवळचा अभ्यास दुसरीकडे मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या निर्देशांप्रमाणे उपमहाव्यवस्थापक किंवा समकक्ष दर्जा आणि किमान सात वर्षांचा संबंधित अनुभव हवा. मुदत तीन ते पाच वर्षांची, त्याच संस्थेत पुन्हा नेमणूक नाही. स्वतः जिथे नोकरी केली त्या बँकेत मात्र हे पद घेता येत नाही.

१५. जागा आधीच ठरलेली असते असं म्हणतात. मग अर्ज कशाला करायचा?

शोध समितीला अर्ज न केलेल्या व्यक्तीचं नावही गुणवत्तेवर सुचवता येतं आणि हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं. त्यात लपवाछपवी नाही. पण अर्जच न केलेल्या तुमचं नाव समितीला माहीत असण्याचं कारण काय? नियमांच्या मसुद्यांवर सूचना मागवल्या जातात तेव्हा स्वतःच्या नावाने, नेमक्या कलमावर, पर्यायी शब्दरचनेसह सूचना पाठवत राहा. चार-पाच वर्षांत अशी दहा पत्रं झाली की अर्जाला जोडायला तुमच्या धोरणकामाचा पुरावा तयार असतो.

१६. ‘मुलाखत पक्की करून देतो, फाइलचे पैसे भरा’ असा फोन आला. खरा असेल का?

नाही. एक रुपयाही देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

१७. मराठीत तक्रारी वाचण्याचा अनुभव अर्जात लिहिण्यासारखा आहे का?

नक्की लिहा, पण भाषा येते एवढंच लिहू नका, त्याने काय फरक पडला ते दाखवा. ‘मॅनेजर साहेब म्हणाले म्हणून सही केली’ हे मराठी अर्जातलं वाक्य वरच्या कार्यालयात जाताना ‘ग्राहकाने अटी मान्य करून सही केली’ असं होऊन जातं. गैरविक्रीचा पुरावा त्या पहिल्या वाक्यातच असतो आणि भाषांतरात तो पुसला जातो. ‘पासबुकात कापलेले दिसतात’, ‘फॉर्म कोरा होता’, ‘एफडीच आहे असं सांगितलं’ अशी वाक्यं तक्रारदाराच्याच शब्दांत नोंदवायची पद्धत तुम्ही कुठे सुरू केली असेल, तर प्रश्न ८ मधल्या पहिल्या पायरीत ती लिहा. सोबत त्या नोंदीचा नमुना, नाव आणि खाते क्रमांक झाकून, जोडपत्र म्हणून लावा.